नट पुरता बसत नाय

"किती वाजेपर्यंत पोचाल?" असं विचारलं की चाचांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पोचलो की सांगेन, भाऊ." मग टोपी मागे सरकवून ते गाडीभोवती सावकाश फेरी मारत आणि आम्ही ऑफिसच्या खिडकीतून घड्याळाकडे बघत बसायचो. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं कुणी असेल. सगळे त्याची थट्टा करतात आणि गाडीत बसायची वेळ आली की त्याचीच गाडी शोधतात.

कुवेतवरचं आक्रमण संपून चार-पाच वर्षं झाली होती. तिथली आमची कंपनी जनरेटर भाड्याने द्यायची. मी खरेदी बघायचो, चाचा मोठी पिकअप चालवायचे. श्रीवर्धनकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. गाडीला पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने चार, अशी सहा चाकं. एकदा धुळीचं वादळ आलं म्हणून त्यांनी तासभर गाडी बाजूला लावली. साइटवरचे फिटर जेवणाची वाट बघून चिडले होते. चाचा डबे उतरवत म्हणाले, "थंड भात खायला माणूस शिल्लक लागतो, बाबांनो."

गाडी जरा दिसायला हवी, असं आमच्या मॅनेजरांच्या मनात आलं आणि नवी चाकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. दोन शुक्रवार अम्गराच्या गाडीबाजारातली दुकानं हिंडून मी चकचकीत अॅल्युमिनियमची सहा चाकं पसंत केली. व्यास मोजला, भोकं मोजली. जाडी मोजली नाही.

चाकं बसली तेव्हा चाचांनी मला खाली बोलावलं. मागच्या जोडीतली दोन्ही चाकं एकाला एक लागून, त्याच बोल्टांवर बसतात. ही चाकं जाड, त्यामुळे बोल्टाचं टोक नटाच्या आतच राहत होतं.

"नट पुरता बसत नाय, भाऊ. आटे कमी पडतात. परत करा."

चाकं अगदी बरोबर बसली आहेत, असं मी सकाळीच मॅनेजरांना सांगून आलो होतो. त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट वाढायचं होतं, बायकोला आणण्याचे कागद दिले होते. मी म्हणालो, "चालतं हो चाचा. दुकानदार म्हणाला, चालतं." दुकानदार असं काही म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलंच नव्हतं.

चाचांनी गाडी न्यायला नकार दिला. मॅनेजरांनी मला कारण विचारलं. मी सांगितलं की त्यांचं वय झालंय, उगाच घाबरतात. हे मी इंग्रजीत बोललो. मराठीत मला ते बोलवलं नसतं. दुसऱ्या दिवशी किल्ली एका तरुण ड्रायव्हरकडे गेली आणि चाचा स्टोअरमध्ये. मला 'भाऊ' म्हणायचे, ते 'साहेब' म्हणू लागले.

गाडी बाहेर असली की प्रत्येक फोन मीच आधी उचलायचो. पण महिने गेले, काही झालं नाही. म्हाताऱ्याचं आपलं काहीतरीच, असं लोक म्हणू लागले आणि मलाही ते खरं वाटायला लागलं.

एका सकाळी कस्टमच्या कामासाठी मी कंपनीच्या बसच्या आधी पोचलो. यार्डात चाचा मागच्या चाकापाशी लांब पाना लावून, सगळं अंग टाकून नट आवळत होते. ड्रायव्हर यायच्या आधी, रोज.

"दिवसभरात थोडे थोडे सैल होतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्या पोराला काय म्हाईत."

मी म्हटलं, "मी सांगतो सरांना."

"सांगा."

मी सांगितलं नाही. आज, उद्या करत अकरा महिने सांगितलं नाही. दर सकाळी ऑफिसात शिरताना मी यार्डाकडे पाठ करून चालायचो.

मग चाचांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. कायमचे निघाले म्हणून अब्बासियातल्या त्यांच्या खोलीवर गेलो. सात-आठजण खोक्यांना दोऱ्या बांधत होते, थट्टामस्करी चालली होती. माफी मागायची म्हणून गेलेला मी चहा पिऊन दोऱ्या बांधू लागलो. चाचांनीच विचारलं, "उद्यापासून कोण बघणार, साहेब?"

स्टोअरचं विचारतायत असं वाटून कुणीतरी नव्या माणसाचं नाव सांगितलं. चाचा माझ्याकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या आधी जाऊन मी किल्ली घेतली आणि मॅनेजरांची वाट बघत दाराशी उभा राहिलो. ते आल्यावर सगळं सांगितलं. चूक माझी होती, चाचा खरं बोलत होते, हेसुद्धा. ते सही करता करता थांबले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग बदलून टाक म्हणाले. एवढंच. जुनी चाकं कुठे आहेत, हे मात्र विचारलं. भंगारात गेली असतील, असं मला वाटत होतं. तरी स्टोअरमध्ये गेलो.

मागच्या भिंतीशी ताडपत्री होती. खाली टायरांसकट सहा लोखंडी चाकं, गंज खरवडून काळा रंग दिलेली. शेजारी दूध पावडरच्या डब्यात जुने नट, तेल लावून ठेवलेले. मी एक टायर अंगठ्याने दाबून पाहिला. टणक होता. हवा एक-दोन दिवसांपूर्वीच भरलेली असावी.