बसल्या दिवसाचा कुळीथ

मी मालवणची. घोडा लग्नाआधी फक्त चित्रात पाहिलेला. लग्न होऊन दोडामार्गाच्या अलीकडच्या एका गावात आले, तर दारात ही उंच तांबूस घोडी उभी. माझे यजमान डॉक्टर, माणसांचे. डोंगराकडच्या वाड्यांना त्या काळी रस्ता नव्हता, वाट होती, आणि ती वाट रात्रीबेरात्री तुडवायची तर चार पाय हवेत, असं ते म्हणत. संस्थान गेल्यावर सावंतवाडीत एका सरदाराघरची पागा मोडली, तेव्हा त्यांनी ती घोडी आणली. पुढच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली जुनी दुखापत होती, म्हणूनच ती आम्हाला परवडली.

तिला पोचवायला त्या पागेतला म्हातारा मोतद्दार स्वतः चालत आला होता. जन्मभर घोड्यांचीच उस्तवार केलेला माणूस. दोन दिवस राहून त्याने खरारा कसा करायचा, खूर कसा साफ करायचा, सगळं यजमानांना शिकवलं. निघताना म्हणाला, "एक ध्यानात धरा. बसल्या दिसाक कुळीथ नाय. काम नाय त्या दिसाक नुसता गवत आणि पाणी."

मी दारात उभी राहून ऐकत होते. मला ते मुळीच आवडलं नाही. काम नाही तर खाणं नाही, हा मोठ्या घरांतला कद्रूपणा, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. माझं ठरायला वेळ लागत नसे, आणि एकदा ठरलं की ते हलतही नसे.

त्याला कारण होतं. माझे बाबा गलबतावर होते. डोलकाठीवरून पडले आणि पाय कायमचा अधू झाला. नंतर आम्ही काकाच्या घरात राहत होतो. काकी वाईट नव्हती, पण भात वाढताना तिचा हात बाबांच्या ताटापाशी आखडायचा. एकदा शेजारणीला म्हणाली, "काय करतलंय, बसान खाता." बाबा पडवीतच होते. त्या दिवसापासून ते दुसऱ्यांदा भात मागत नसत, पोटावरून हात फिरवून उठत. बसून खाणाऱ्याचं ताट कोणी मोजलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, तो तेव्हापासून.

घोडीने सहा-सात वर्षं इमानाने काम केलं. मग एका दिवाळीनंतर ओहळ उतरताना घसरली आणि जुनी दुखापत उलटली. यजमान तिला लगाम धरून चालवत घरी घेऊन आले. पाय गुडघ्याखाली सुजून टम्म झाला होता, ती तो जमिनीला लावतच नव्हती. त्यांनी शेक दिला, लेप लावले, पट्टे बांधले. रात्री जेवताना म्हणाले, "हिचो पाय काय माझ्या पुस्तकात नाय गो." सावंतवाडीच्या गुरांच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि चार-पाच महिने पूर्ण विश्रांती सांगितली, तरीही ती पुन्हा धावेल याची खात्री देता येणार नाही, असं शुद्ध मराठीत बजावलं. घोड्यांचे पाय जाणणारा एक नालवाला सीमेपलीकडे गोव्यात होता, पण तेव्हा सीमा बंद होती.

मग काय करायचं, यावर आमच्या घरात आठ दिवस वाद चालला.

"सावंतवाडीत एक टांगेवालो घेता म्हणता," यजमान म्हणाले.

"टांग्याक जुंपूक? तीन पायांची घोडी?"

"मगे शेजाऱ्याची बंदूक आसा. हालान हालान मरण्यापरास बरा."

"तुमचो पेशंट बरो नाय झालो तर बंदूक आणतल्यात काय?"

शेवटी गावकऱ्यांनी सुचवलं म्हणून ग्रामदेवतेला कौलही लावला. ठेवायची की द्यायची? पाकळी उजवी पडली. ठेवायची. देवाने माझ्या बाजूने कौल दिला म्हणून मी आठवडाभर घरात मान ताठ करून फिरले. खुराकाचं देवाला कोणी विचारलंच नव्हतं.

यजमानांनी मला एवढंच बजावलं, की मोतद्दाराने सांगितलेला नेम पाळायचा. नुसतं गवत आणि पाणी. मी हो म्हटलं. ते दवाखान्यात गेले की मी पहाटे भिजत घातलेला शेरभर कुळीथ निथळून लुगड्याच्या ओच्यात घ्यायची आणि गोठ्यात जायची. पुढे पुढे दोनदा. माझी चाहूल लागली की ती हळूच खिंकाळायची आणि ओच्यात तोंड खुपसायची. ओच्याला ओला डाग पडायचा, तो मी चुलीपाशी वाळवायची. आमच्या शेतातला कुळीथ, कोणाच्या बापाचं काय जातं, असं मी स्वतःला म्हणायची. खरं सांगायचं तर मला फार आनंद व्हायचा. बाबांना दुसऱ्यांदा वाढल्यासारखं वाटायचं.

एका गोष्टीचा मात्र मला घोर होता. ती बसत नसे. आम्ही गुरांची माणसं. गाय चरून आली की बसते, रवंथ करते, तिला बसलेली पाहून आपल्यालाही बरं वाटतं. ही रात्रंदिवस तीन पायांवर उभी. मी तिच्याखाली रोज नवा पेंढा पसरत असे आणि म्हणत असे, "बस गो बाय, बस जरा." घोडं उभ्यानेच झोपतं, हे यजमान मला सांगत, पण ते माझ्या मनाला पटत नव्हतं.

शिमग्याच्या आधी एका सकाळी पाहते तर तिने दुखरा पाय टेकला होता. पुरता टेकला होता. मी ओरडतच घरात गेले. यजमान वहाणाही न घालता धावत आले. त्यांनी तो पाय वरपासून खालपर्यंत चाचपला. सूज बरीच ओसरली होती. ती चांगल्या पायावरून भार काढून दुखऱ्या पायावर टाकत होती, मग मागे सरत होती, पुन्हा डुलत होती. आम्हाला वाटलं, पाय चालवून बघतेय. त्या दिवशी मी गोडाचं केलं. यजमानांनी सावंतवाडीला त्या म्हाताऱ्या मोतद्दाराला निरोप धाडला, घोडी सुधारली, एकदा येऊन बघून जा.

दोन दिवसांनी ती बसली. पेंढ्यावर अंग टाकून, पाय लांब करून. मी घरातल्या सगळ्यांना गोठ्याकडे जायला बंदी केली, एवढ्या महिन्यांनी बिचारी बसलीय, झोप मोडू नका. दुपारी मात्र ओचा भरून स्वतः गेले. ती उठली नाही, पडल्या पडल्याच तिने सगळा कुळीथ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. मी उत्साहाने त्याला सगळं सांगत होते, पाय कसा टेकला, कशी बसली. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. तो दुखऱ्या पायाकडे वळलाच नाही. तिच्यापाशी उकिडवा बसला आणि पुढच्या उजव्या, चांगल्या पायाच्या खुरावर त्याने तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग यजमानांचा हात ओढून तिथे ठेवला. खूर तापला होता, चुलीवरून उतरवलेल्या मडक्यासारखा.

"दुखरो पाय बरो जावक नाय," म्हातारा म्हणाला. "चांगलो पाय गेलो. तो टेकवना म्हणान हो टेकल्यान."

मग त्याने विचारलं, "बसल्या घोड्याचो कुळीथ खुरात उतरता. कोण घालता हिका?"

घरात माझ्यापुढे कोणाचं चालत नसे, आणि आता मी नुसता ओचा नीट करत होते.

"मिया घालतंय," यजमान म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. ओच्यावरचा ओला डाग त्यांनी कधी पाहिला, पाहूनही का बोलले नाहीत, हे मी पुढे कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही तिची दया आली असेल. कदाचित माझी.

मला मागे सरायचं होतं, पण मी चुकून एक पाऊल पुढे टाकलं. घोडीने मान उचलली. ती हळूच खिंकाळली, रोजच्यासारखी, आणि पडल्या पडल्या मान ताणून माझ्या ओच्याकडे तोंड नेऊ लागली. यजमान तिच्या तोंडाजवळच बसले होते, पण त्यांच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिचे ओठ माझ्या रिकाम्या ओच्यावर हलत होते.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. यजमानांनीही पाहिलं. मला वाटलं, आता म्हातारा बोलेल, आणि त्याने बोलावं असंच मला वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून ऐकल्या असत्या.

तो गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि यजमानांना म्हणाला, "शेजाऱ्याक सांगा. फाल्या सकाळी बंदूक घेवन येवंदे." मग माझ्याकडे वळला. आवाज अगदी साधा होता, जेवायला थांबतो म्हणावं तसा.

"घाला बाईसाब. आता घातलात तरी चलात."

मी घरात गेले, शेर काढला, आणि कुळीथ मोजायला बसले. मग शेर बाजूला ठेवला आणि ओच्यात मावेल तेवढा घेतला.