परसातली धामण आणि आईच्या टाळ्या

मला कोणी ‘हे करू नकोस’ म्हटलं की माझा हात आधी तिकडेच जातो. लहानपणी यापायी मी भरपूर मार खाल्ला. मोठेपणी मार बंद झाला, स्वभाव तसाच राहिला. आई म्हणते, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हे इतक्या सरळपणे सांगायचं कारण एवढंच, की त्या उन्हाळ्यात आई माझ्याशी जशी वागली ते या खोडीशिवाय कळणार नाही.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आंबिवलीला माहेरी आले. सातवा महिना संपत आला होता. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात माझं एक मूल गेलं होतं. तेव्हा मी कोलशेतच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होते. रोज जात होते, जिना चढत होते, डबा उचलत होते, सगळ्या बायका करतात तेच सगळं. डॉक्टरांनी नंतर नीट समजावून सांगितलं, की असं होतं आणि याला कोणी जबाबदार नसतं. मी मान हलवली आणि त्यातलं एक अक्षरही मानलं नाही. त्यामुळे या खेपेला मी रजा टाकली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आमचं सगळ्यांचं चाललं होतं. डोहाळजेवणाचं नाव कोणी काढलं नाही. एक दुपटंसुद्धा कोणी शिवलं नाही. नवरा दर शनिवारी ठाण्याहून यायचा आणि जणू वाटेत सहज डोकावलाय असा चेहरा करून बसायचा. मूल राहील ना, हा एकच प्रश्न घरभर होता आणि तो विचारायची सगळ्यांना बंदी होती.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी, बैठं, पुढे अंगण आणि मागे परस. एप्रिल लागला की टेकडी पार करपून जाते. गवताची काडी उरत नाही, दगड दुपारी हात लावू देत नाहीत, आणि वरून खाली बघितलं तर हे ठाणे जिल्ह्यातलं गाव आहे की वाळवंट असा प्रश्न पडतो. वरचं पाणी आटलं की तिथले रहिवासी खाली आमच्याकडे येतात. मुंगसांची जोडी सकाळी नऊला यायची, अगदी ड्युटी लागल्यासारखी. भारद्वाज कुंपणावरून उतरून चालत यायचा. एक जाडजूड घोरपड दोनदा दिसली. सरडे तर मोजण्यापलीकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात मातीची दोन परळं ठेवली आणि दिवसातून तीनदा त्यात पाणी भरायचं काम स्वतःकडे घेतलं. डेपोत त्यांनी कधी इतक्या वेळेवर काम केलं नसेल, असं आई म्हणायची.

आणि धामण होती. कपडे धुवायच्या दगडाच्या मागे फरश्यांचा ढीग होता, त्यात तिचं बिऱ्हाड. माणसाच्या उंचीपेक्षा लांब, पिवळसर तपकिरी, उन्हं तापली की सरळ येऊन परळातलं पाणी प्यायची. मी आल्या दिवशीच ती बघितली आणि सर्पमित्राला फोन करा म्हणून घर डोक्यावर घेतलं.

“विषारी नाय ती,” अण्णा म्हणाले. “उंदरांनी गाड्यांचं किती वायरिंग खाल्लं ते मला विचार. ही म्हणजे बिनपगारी वॉचमन आहे आपली. ती गेली की उंदीर आले म्हणून समज.”

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आई तरी माझ्या बाजूने बोलेल. आई गव्हाचं पाणी बदलत होती. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात, नाहीतर वास मारतो. हात न थांबवता ती म्हणाली, “राहू दे तिला. फक्त तू जपून जा बाई. पोटुशी बाईची सावली पडली ना, की साप आंधळा होतो. बिचारीचे डोळे जातील तुझ्यापायी.”

मी हसत सुटले. म्हटलं, आई, सापाची भीती मला वाटायला हवी की त्याला माझी?

“त्याला तुझी,” आई अगदी शांतपणे म्हणाली.

आमचा संडास परसाच्या टोकाला. सात-आठ पावलांची वाट, मध्ये धुण्याचा दगड. त्या दिवसापासून नियम झाला. मला जायचं असलं की आधी आई दारात उभी राहून तीन टाळ्या वाजवणार, दहा आकडे मोजणार, आणि मग म्हणणार, “जा आता, गेली ती.” मीही हळू चालायचं, दगडाजवळ आलं की थांबून खाली बघायचं, म्हणजे सावली कुठे पडते ते कळेल. सातव्या-आठव्या महिन्यात बाईला दिवसातून किती वेळा जावं लागतं ते बायकांना सांगायला नको. शेजारच्या काकू एकदा कुंपणापलीकडून म्हणाल्या, “आज पाचव्यांदा का गं?” मी शरमेने आणि रागाने लाल होऊन घरात आले. मी आईला म्हटलं, यापेक्षा तू लाउडस्पीकर लाव. पण नियम पाळला. एका मुक्या जनावराचे डोळे माझ्यामुळे जाऊ नयेत, एवढं एकच कारण होतं. विश्वास नव्हता, तरी पाळला. एरवी स्वतःच्या भल्यासाठी सांगितलेलं मी एक दिवस ऐकलं नसतं.

उन्हाळा चढत गेला. दुपारी वीज जायची, पत्रा तापायचा, तांबट पक्षी कुठेतरी टुकटुक करत बसायचा. मी कोब्यावर ओलं फडकं पसरून पडायची. आईने शिजवलेला गरम चीक दूध-साखर घालून आधी मला मिळायचा, अण्णा ताट घेऊन बसलेले असले तरी. कुरडया उन्हात घातल्या की राखणीचं काम माझं. खुर्चीत बसून हातात काठी, समोर खार, आणि आमची दोघींची नजरानजर. खार बहुतेक वेळा जिंकायची. आज मागे वळून बघताना वाटतं, मला इतकं निवांत कोणी कधी ठेवलं नव्हतं. तेव्हा मात्र मी दिवसभर कुरकुरत होते.

मे लागला त्या सुमारास आई एका दुपारी नात्यातल्या एका लग्नाच्या आहेराचं काही घ्यायला कल्याणला गेली. अण्णा पुढच्या खोलीत घोरत होते. चारच्या सुमारास मी उठले आणि टाळ्याबिळ्या न वाजवता तरातरा परसात गेले. घरात कोणी बघायला नव्हतं, तेवढंच पुरलं.

धामण परळाशीच होती. दगडाच्या कडेला मी आले आणि माझी लांब सावली सरळ तिच्या अंगावर पडली. ती हलली नाही. मी थिजून उभी. मग तिने डोकं किंचित वळवलं आणि मला तिचे डोळे दिसले. दोन्ही डोळे पांढुरके निळे, दुधाचा थेंब पडल्यासारखे. बुबुळ नावाची गोष्टच नाही. महिनाभर मी तिला बघत होते, तेव्हा तिचे डोळे काळेभोर आणि तजेलदार होते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. माझं शिक्षण त्या क्षणी कुठे गेलं मला माहीत नाही. मी मागच्या मागे पायरीपर्यंत आले आणि बसले. डोक्यात एकच वाक्य, केलंस तू. पहिल्या वेळेला केलंस, आता हिचं केलंस. आणि मग एकाएकी लक्षात आलं, की जेवणानंतर बाळ हललेलं नाही. मी पोटावर हात ठेवला. काही नाही. पाणी प्यायले, वाट बघितली. काहीच नाही.

अण्णांना उठवायला हवं होतं. मी उठवलं नाही. काय सांगू, सावली पडली म्हणून? आई पाचला आली तेव्हा मी त्याच पायरीवर होते. मी आधी सापाचं सांगितलं, मग बाळाचं. आईने पहिलं ऐकलंच नाही बहुतेक. पिशवी तिथेच टाकली, अण्णांना हाक मारून रिक्षा आणायला पिटाळलं, मला डाव्या कुशीवर झोपवलं, गूळपाणी पाजलं आणि पोटावर तळहात ठेवून बसली. तिचे ओठ तेवढे हलत होते. रिक्षा दारात आली आणि पोटात आतून लाथ बसली. सणसणीत. मग आणखी एक.

“नाकावर राग आहे बाळाच्याही,” आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. तरी तिने रिक्षा सोडली नाही. कल्याणला नेलंच.

दवाखान्यात मशीन लावलं, ठोके ऐकले, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाल्या, उन्हात पाणी कमी पडलं असेल, थोडा वेळ बसा आणि घरी जा. अण्णा चहा आणायला गेले. बाकावर आम्ही दोघी. रिक्षात मी अण्णांनाही धामणीच्या डोळ्यांचं सांगितलं होतं. जाता जाता ते म्हणाले होते, “अगं, कात टाकायच्या आधी डोळ्यांवर साय येते सापाच्या. आठ दिवसांनी बघ, लखलखीत होतील.” हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आईलाही माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

“म्हणजे सावलीचं सगळं खोटं?” मी विचारलं.

“जुनी माणसं म्हणायची. खरं-खोटं मला काय ठाऊक,” आई म्हणाली.

“मग महिनाभर टाळ्या कशाला वाजवल्यास? सगळी आळी हसत होती मला.”

आईने पदर सारखा केला. “तिथं शेवाळ धरतं दगडापाशी. डॉक्टर म्हणालेल्या, पाय घसरायला नको, धसका बसायला नको. तुला नुसतं सांगितलं असतं, हळू चाल, बघून चाल, तर तू मुद्दाम पळत गेली असतीस. तुझ्यासाठी म्हणून तू आजवर काय ऐकलंयस? दुसऱ्या कुणाचं नुकसान होतं म्हटलं की ऐकतेस.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकं नेमकं ओळखून असलेल्या माणसावर रागवायचं कसं?

मग आई, माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “मागच्या खेपेला मी तुला तिथं ठाण्यालाच राहू दिली. ये म्हणाले, तू नाही म्हणालीस, मी गप्प बसले. तेव्हाच हाताला धरून आणायला हवी होती. माझ्यामुळे झालं ते.”

दोन वर्षं आई हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती, गहू भिजवत होती, माझ्याशी फोनवर लग्नकार्याच्या गप्पा मारत होती. मला कधी कळलंही नाही. मी भडकले. खरंच भडकले. “काहीतरी बोलू नकोस आई! तुझा काय संबंध? डॉक्टरांनी सांगितलं नाही का, कोणाची चूक नसते त्यात? तुझी काय चूक?”

आईने आता माझ्याकडे बघितलं. “मग तुझी तरी काय होती, पोरी?”

मी आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि दोन वर्षांचं रडू त्या बाकावर रडले. अण्णा तीन कप चहा घेऊन आले, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पुन्हा बाहेर जाऊन उभे राहिले. चहा गार झाला. आम्ही तो तसाच प्यायलो. घरी येताना रिक्षात वारा गरम होता, पण मला छातीत मोकळं वाटत होतं. आईचा हात मी घर येईपर्यंत सोडला नाही.

आठ-दहा दिवसांनी अण्णांनी मला हाक मारून परसात नेलं. फरश्यांवर कात पडली होती, आणि तिची मालकीण सावलीत तजेलदार डोळ्यांनी बसली होती. मी तिला ‘सॉरी’ म्हटलं. अण्णा हसले, मीही हसले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, त्याच दवाखान्यात मुलगी झाली. नर्सने तिला गुंडाळून आणलं आणि रीतीप्रमाणे आजीच्या हातात द्यायला पुढे केलं. आईने हात मागे घेतले.

“आधी तिला द्या,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली, माझी पोरगी थांबलीय.”