बांधामागे कोण आहे

डॉक्टर शशी गुप्ते ब्रिस्टलला डोळ्यांचे सर्जन होते. एकदा कुंपणाच्या झाडीपलीकडे खेळणाऱ्या एका चिमुरडीला त्यांच्याकडे आणलं. पलीकडे कुणीतरी निशाणावर झाडलेला एअर रायफलचा छर्रा झाडीतून येऊन तिच्या डोळ्यात शिरलेला. ऑपरेशननंतर ती म्हणत राहिली, "लाईट लावा ना." रिटायर झाल्यावरही त्या आवाजाने त्यांची पाठ सोडली नाही.

नात ईशिता नेमबाजी शिकली, तेव्हा सरावासाठी जागा शोधायचं काम त्यांनी मुद्दाम अंगावर घेतलं. पहिल्या शेतावर मालकाची परवानगी होती, निशाणामागे छर्रे अडवायला मातीचा उंच बांधही होता. डॉक्टर बांधामागे गेले, तर गवतातून पायवाट पडलेली.

"इथे नको."

"अहो आजोबा, कुत्रंसुद्धा नाही इथे!"

"नको म्हटलं ना."

दुसऱ्या शेतावर ईशिताच पुढे धावली. "थांबा, तुमचं भूत मी बघून येते!" थोड्या वेळाने बांधामागून हाक आली, "आजोबा, कोणीच नाही!"

मुलीचा आवाज, आणि तोही निशाणामागून. डॉक्टर बांधाकडे बघतच राहिले. ईशिता परत आली, रायफल घेऊन शेजारी उभी राहिली, तरी ते विचारत होते, "तिकडे आता कोणी नाही ना?"

ईशिताने रायफल खाली ठेवली. "चला, दोघं बघून येऊ."