दशैंची दक्षिणा

हिमकला कार्की पोकरच्या टेबलावरून उठली की एकदा टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उताणे करून छताकडे दाखवायची. छतात कॅमेरा होता. बघ बाबा, हातात काही नाही, मी चालले. काठमांडूच्या त्या कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागे. पण हिमकलाच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की घरी भात वाढून झाल्यावरही तिची टाळी वाजायची आणि तळवे वर व्हायचे. मुलगी सुजिता हसायची. "आमा, इथे कोण बघतंय तुला? चोरण्यासारखं आहे तरी काय आपल्याकडे, मुळ्याचं लोणचं?"

"सवय चांगली असते गं," हिमकला म्हणायची.

नवरा मलेशियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला. पदरात दोन वर्षांची सुजिता, आणि हाताला काम मिळालं ते जुगाराच्या अड्ड्यावर. अड्डा म्हटलेलं कॅसिनोवाल्यांना आवडत नाही, पण ती राहायची त्या चाबहिलच्या गल्लीत सगळे तोच शब्द वापरत. तिथे काम करणाऱ्या बाईकडे कुठली गल्ली सरळ नजरेनं बघते? हिमकलाने कुणाशी भांडण केलं नाही. वर्षानुवर्षं तिच्या हातून लाखोंच्या चिपा, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, सरकल्या आणि एकही इकडची तिकडे झाली नाही. हळूहळू गल्लीच म्हणायला लागली, बाई जुगारात आहे, पण हाताची स्वच्छ आहे. तिची सगळी कमाई म्हणाल तर एवढीच.

मग काचेची टेबलं आली. टेबल कसलं, एक मोठा पडदा आडवा टाकलेला आणि भोवती दहा छोटे पडदे. पत्ते खोटे, चिपा खोट्या, आणि मधोमध एक चित्रातली बाई, रंगवलेल्या नखांनी पत्ते वाटणारी. तिला चहा नको, सुट्टी नको, तिची कंबर दुखत नाही. मालक तिच्यावर बेहद्द खूश. एकेक करून पोकरची जुनी टेबलं उचलली गेली आणि वाटणाऱ्या पोरापोरींना हातात नारळ मिळाला. उरलं एक टेबल आणि त्यावर हिमकला. तेही कुणामुळे, तर त्रिवेणी बाबूंमुळे.

त्रिवेणीलाल जयस्वाल, गोरखपूरचे धान्याचे व्यापारी. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण सणासुदीला सुनौलीची हद्द ओलांडून काठमांडूला यायचा म्हणजे यायचाच, आणि खेळायचा तर दाबून. काचेच्या टेबलाकडे बघून ते नाक मुरडत. "काचेवर बोटं आपटायला मी काय तान्हं मूल आहे? हिमकला पत्ते पिसते तो आवाज कानात पडल्याशिवाय मला खेळल्यासारखं वाटत नाही." असल्या गिऱ्हाइकाला कोण नाराज करणार?

हॉलचा मॅनेजर विकल्प. पोरसवदा असताना पत्ते धरायला त्याला हिमकलानेच शिकवलं होतं. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "दिदी, मालक टपूनच बसलेत. बारीकशी तक्रार आली तरी हे टेबल उचलणार. जपून हं."

"माझ्या हातून कसली तक्रार होणार रे?" ती म्हणाली. तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

दशैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची, दशमी आली. घरोघर वडीलधारी माणसं धाकट्यांच्या कपाळी दही-तांदळाचा लाल टिळा लावत होती, कानामागे जमरा, म्हणजे जवाचे पिवळे अंकुर, खोचत होती. हिमकलाला टिळा लावणारं मोठं माणूस शहरात कुणी उरलं नव्हतं. सुजिताला टिळा लावून ती कोऱ्या कपाळाने कामावर आली. पाहुण्यांना सणाचं वाटावं म्हणून मालकांनी त्या दिवशी बायकांना गुन्यू-चोलो नेसायला सांगितलं होतं. म्हणजे एरवीचा बिनखिशाचा गणवेश नाही, तर पातळ, चोळी आणि कमरेला गुंडाळलेला लांबलचक पटुका. गावाकडे तिच्या आईची सगळी तिजोरी त्या पटुक्यातच असायची.

दुपारी त्रिवेणी बाबू टेबलावर बसले आणि तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, आज दशमीला कपाळ कोरं?"

"लावणारं कुणी नाही बाबूजी."

"मी काय मेलोय?" म्हातारा उठला. दारात पाहुण्यांसाठी टिळ्याचं ताट ठेवलं होतं, ते घेऊन आला. टेबलावरून वाकून त्याने तिच्या कपाळी ठसठशीत टिळा थापला, कानामागे जमरा खोचला, पुटपुटत आशीर्वाद दिला. हिमकलाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप गेल्यापासून असा हात कपाळावर पडला नव्हता. आणि टिळ्यामागून दक्षिणा आलीच पाहिजे. बाबूंच्या खिशात सुटे नव्हते. त्यांनी समोरच्या चळतीतली एक लाल चिप उचलून तिच्या हातात ठेवली.

आता नियम असा, की खेळणाऱ्याने खुशीने चिप दिली तर ती टेबलाच्या लाकडावर ठक्कन वाजवायची आणि सगळ्यांच्या सामाईक डब्यात टाकायची. हिमकलाने हे हजारो वेळा केलं असेल. पण ती बक्षिसी असती तर! कपाळावर टिळा ओला आणि हातात दक्षिणा, अशा वेळी नेपाळी बाईचा हात लाकडाकडे जात नाही. तो आधी कपाळाला जातो आणि मग कमरेला. तिचाही गेला. तिला कळलंसुद्धा नाही. पुढचा डाव तिने वाटला, त्याच्या पुढचा वाटला, आणि उठताना नेहमीसारखी टाळी वाजवून छताला तळवे दाखवले.

बायकांच्या खोलीत पटुका सोडला तेव्हा चिप खणकन खाली पडली.

हिमकलाने ती झटकन मुठीत घेतली आणि दाराकडे बघितलं. पण मग तिने स्वतःलाच समजावलं, कर नाही त्याला डर कशाला? आणि ही चिप तिच्या काय कामाची होती? नेपाळी माणसाला कॅसिनोत खेळायची कायद्याने बंदी. चिप मोडून पैसे घ्यायला ती खिडकीशी उभी राहूच शकत नव्हती. तिच्या लेखी ते एक बटण. ती तशीच अर्ध्या सुटलेल्या पटुक्यानिशी हॉलमध्ये गेली आणि विकल्पच्या हातावर तिने चिप ठेवली.

विकल्पचा चेहरा उतरला. "दिदी, आणलीस कशाला? संडासात टाकून पाणी सोडायचं होतंस ना!"

"अरे, बाबूजींनी दक्षिणा दिली. चुकून खोचली गेली. डब्यात टाक आणि सोड."

"कसं सोडू? वर कॅमेरा आहे. माझ्या हातात दिलीस, आता मी बघितलंच नाही म्हणू?"

पडद्यावर सगळं दिसलं. हात कपाळाला, हात कमरेला. पण तिचा घात केला तो त्या टाळीने. मालकांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. "बघा बाईची हिंमत. माल कमरेला आणि हात कसे दाखवतेय." टिळ्यादक्षिणेचं कुणी मध्ये बोललं तर म्हणाले, आम्हाला शिकवू नका. तिचं नोकरीचं कार्ड काढून घेतलं आणि तिला घरी पाठवलं. त्रिवेणी बाबू तोवर गोरखपूरच्या वाटेला लागले होते. पाहुण्यांचे नंबर वाटणाऱ्यांना मिळत नाहीत, आणि पाहुण्याला असल्या भानगडीत ओढायचं नाही असा मालकांचा हुकूम. विकल्प म्हणाला, "तिहारच्या दिवाळीला येतीलच ते. तेव्हा मी स्वतः विचारतो. तोवर धीर धर दिदी."

धीर कशाच्या जोरावर धरायचा? बातमी तिच्याआधी चाबहिलला पोचली. गल्लीला इतकी वर्षं मनातून जे म्हणायचं होतं ते म्हणायला आता कारण मिळालं. दुधवाली पैसे घेताना मोजून घ्यायला लागली. दुसऱ्या एका कॅसिनोत हिमकला काम मागायला गेली, तर तिथल्या बाईने दारातच विचारलं, "टिळ्यावाली तूच का?" तिथेही सगळी काचेचीच टेबलं होती, पण ते सांगायचीसुद्धा त्यांना गरज पडली नाही.

हे सगळं तिने गिळलं. पण एक दिवस भांडी घासता घासता, पाठ न वळवता, सुजिताने विचारलं, "आमा, खरंच नाही ना घेतलंस?"

हिमकला अजून जेवत होती. मुलीने विचारलं होतं, दुधवालीने नाही. "बाबूजी येतील तिहारला," ती एवढंच म्हणाली. "ते सांगतील." आपल्या शब्दावर आपली पोर विश्वास ठेवत नाही, त्यासाठी गोरखपूरच्या म्हाताऱ्याचा शब्द आणावा लागतो, याची तिला अशी लाज वाटली की ताट समोरून उचलून ठेवावं लागलं.

लक्ष्मीपूजेच्या दिवशी दुपारीच ती कॅसिनोच्या दाराशी जाऊन उभी राहिली. झेंडूच्या माळा, रांगोळी, पणत्या मांडायची गडबड. पहारेकऱ्याने नजर चुकवली. "दिदी, नियम तुलाही ठाऊक आहे. नेपाळी माणसाला आत सोडता येत नाही. कार्ड असतं तर गोष्ट वेगळी."

"नाही येत मी आत. विकल्पला बोलाव."

दाराच्या काचेतून तिला हॉल दिसत होता. तिचं टेबल होतं तिथे आणखी एक काचेचं टेबल लागलं होतं, आणि त्यावर ओणवे होऊन, चष्मा नाकावर ओढून, त्रिवेणी बाबू बोटाने पडदा टोचत होते.

विकल्पने त्यांना बाहेर आणलं. सगळं ऐकून म्हातारा भडकला. "चोर? हिला चोर म्हणता? मी माझ्या हाताने टिळा लावला, मी दक्षिणा दिली! बोलवा तुमच्या मालकाला, त्याच्या तोंडावर सांगतो."

हिमकला रडायला लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडलं. विकल्पनेही आपले डोळे पुसले. "सुटलीस दिदी. मी आत्ता जाऊन सांगतो मालकांना. सुजितालाही फोन करतो."

"मग उद्यापासून येऊ ना कामाला?"

विकल्प आपल्या बुटांकडे बघत राहिला. "टेबल उचललं गं. तू गेलीस त्याच आठवड्यात."

ती त्रिवेणी बाबूंकडे वळली. "बाबूजी, तुम्ही एक शब्द टाकलात तर परत लावतील. तुम्हाला ते काचेचं आवडत नाही ना? पिसण्याचा आवाज..."

"म्हणायचो खरा तसं," बाबू ओशाळं हसले. "पण बसून बघितलं, तर वाईट नाही गं. डाव भराभर होतात. पत्ता चुकत नाही. बक्षिसीची कटकट नाही."

"माझा कधी चुकला बाबूजी?"

"तसं नव्हे गं..."

"बाबूजी, एकदा बोला. पाया पडते. मला दुसरं काही येत नाही हो." आपला आवाज असा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. पहारेकरी रांगोळीकडे बघायला लागला.

"बोलेन, बोलेन. आत माझी पाळी थांबलीय." गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय. जाता जाता त्यांनी खिशातून नोट काढली. या वेळी सुटे होते. "सण आहे. पोरीला काहीतरी गोड घेऊन जा."

हिमकलाला ती नोट नको होती. पण वडीलधाऱ्या माणसाने सणाला पुढे केलेल्या हाताला नाही म्हणायला जीभ वळेना. तेव्हा जीभ जे बोलेना ते हातांनी केलं. तिने टाळी वाजवली आणि दारावरच्या कॅमेऱ्याकडे दोन्ही तळवे उताणे केले. काही नाही हातात. काही घेतलं नाही. मी चालले.

हे तळवे त्रिवेणी बाबूंनी टेबलाच्या पलीकडे बसून किती वर्षं पाहिले होते! पण आज समोर टेबल नव्हतं. दारात उभी असलेली एक बाई होती आणि पुढे पसरलेले दोन हात होते. "घे गं, घे, लाजू नकोस," म्हणत त्यांनी नोट तिच्या तळव्यावर ठेवली, तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटली, आणि ते घाईघाईने आत गेले.

दार बंद झालं. आणि हिमकलाचा हात, मिटलेल्या मुठीसकट, आपोआप कपाळाला गेला.