लांब नळ्यांचे हेडर

माझ्या बायकोने तिच्या जुन्या गाडीला नवे हेडर बसवायचं ठरवलं, तेव्हा तिचा डावा पाय घोट्यापासून खाली तिचं ऐकेनासा झाला होता. इथे मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, आणि तो पुढेच सरकतो, मागे फिरत नाही, हेही सांगितलं होतं. परत येताना घराजवळच्या नोव्हायच्या एक्झिटला वळलो तशी ती म्हणाली, "मॅनिफोल्ड तडकलाय. या वेळी हेडरच घालू." मला वाटलं, धक्क्याने हिचं डोकं फिरलं.

ही गाडी साठच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरची. पुढचं बॉनेट एवढं लांब की त्यावर पंगत बसावी. मी नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. माझ्या लेखी गाडी म्हणजे ऑटोमॅटिक, बसलं की निघालं. ही पुण्याची आणि पेशाने इंजिनियर. इथल्या एका कार कंपनीत गाड्यांचा आवाज कमी करण्याचं काम करायची. आठवडाभर ऑफिसात आवाज दाबायचा आणि शनिवारी घरच्या गॅरेजमध्ये हे धूड गुरगुरायला लावायचं, असा तिचा न्याय. लग्नानंतर तिने एकदा मला मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये याच गाडीचा क्लच शिकवायचा प्रयत्न केला होता. गाडी इतक्या वेळा बंद पाडली मी, की शेवटी तिने हात जोडले. "तू राहू दे रे. तू वरणाला फोडणी घाल." त्यानंतर त्या सीटवर मला कुणी बसवलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही.

दरवर्षी दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून ती मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन जायची. कार्यक्रम ज्या शाळेत असायचा तिथल्या पार्किंगमध्ये पोरं गोळा व्हायची. "काकू, प्लीज, वन मोअर टाइम!" ही ॲक्सिलरेटर दाबायची, साड्या सांभाळत बाकीच्या बायका कानांवर हात ठेवायच्या, आणि ही खिडकीतून अशी हसायची की जणू सगळं मिशिगन हिच्या नावावर आहे. या दसऱ्यालाही ती स्वतः गाडी चालवत नेणार, हे मी मनाशी पक्कं धरून बसलो होतो. पाय तोवर क्लच दाबण्याइतका राहील, राहायलाच हवा. तिला तसं म्हणालो की ती म्हणायची, "बघू."

हेडर म्हणजे काय हे मला जेवणाच्या टेबलावर कळलं. इंजिनाचा धूर बाहेर पडतो तिथे दोन्ही बाजूंना बिडाचा एकेक जाडजूड तुकडा असतो, तो मॅनिफोल्ड. चार-चार सिलिंडरचा धूर त्यात ढकलाढकली करत निघतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. आखूड नळ्यांचे हेडर पटकन बसतात. लांब नळ्यांचे गाडीच्या पोटाखालून पार मागे जातात, इंजिनाला जोर जास्त मिळतो, आवाज खोल येतो, पण बसवताना जीव काढतात.

"आखूड घेऊ," मी म्हणालो. "दसऱ्याच्या आत व्हायला हवं."

"लांब घ्यायचे."

"अगं, पण वेळ आहे का आपल्याकडे?"

तिने लॅपटॉपवरून नजरही उचलली नाही. "घाई तुला झालीय. मला नाही." मी ताट उचलून सिंककडे गेलो आणि नळ उगाच मोठा सोडला. राग आला होता. जिच्यासाठी धावतोय तीच चालायला तयार नाही, असं झालं होतं.

कोणते हेडर मागवायचे ते तिनेच पाहिलं, तिनेच मागवले. मला त्यातलं काय कळणार! खोका आला तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे गॅरेजमधली हत्यारं पूजेला बसतात आणि त्या दिवशी पान्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे त्याआधी काम उरकायला हवं होतं. तिच्या हातांतही आता जोर नव्हता, म्हणून हात माझे आणि डोकं तिचं, अशी वाटणी झाली. ती घडीच्या खुर्चीवर शाल पांघरून बसायची, टॉर्च धरायची आणि सांगायची. मी गंजलेल्या बोल्टांशी झटत, शिव्या घालत, गाडीखाली लोळायचो. एक बोल्ट आतच तुटला. तिने न चिडता तो काढायची रीत सांगितली. एरवी पाना चुकीच्या खणात ठेवला तरी अंगावर येणारी बाई इतकी शांत झालेली मला सोसत नव्हती.

उजवीकडच्या नळ्या बसल्या. डावीकडच्या मी खालून वर ढकलल्या, तर अर्ध्यावर अडल्या. फिरवल्या, तिरक्या केल्या, पुन्हा अडल्या. क्लचच्या पेडलपासून गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा बरोबर आडवा येत होता.

"चुकीचे पाठवलेत यार!" मी गाडीखालून ओरडलो. "हे बसूच शकत नाहीत. क्लच मध्ये येतोय. आत्ताच्या आत्ता रिटर्न करू आणि आखूड मागवू."

तिने टॉर्च मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "बरोबर पाठवलेत. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचे आहेत ते. मी तेच मागवले."

मला कळेना. मग कळलं आणि एकदम हुरूप आला. "म्हणजे ऑटोमॅटिक करून घ्यायची? अगं, मग आधी सांगायचंस! डाव्या पायाचं कामच नाही. उजव्याने चालवशील."

"उजवाही सुरू झालाय रे."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. गिअरबॉक्सवाल्याशी बोलून ठेवलंय, या दसऱ्याला नाही, हिवाळ्यात तो करून देईल. क्लच तुला जमत नाही ना. गाडी आता तू चालवायचीस."

मला त्या बाईचा भयंकर राग आला. मी दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजत होतो, आणि ती माझ्याशेजारी बसून स्वतःला त्या गाडीतून उतरवून मोकळी झाली होती. मला नको होती ती गाडी. तिच्याशिवाय तर मुळीच नको होती. हे सगळं बोलायचं होतं, पण मी गाडीखालीच पडून राहिलो.

"बाहेर ये," ती म्हणाली. "फरशी गार आहे."

"नाही येत. दांडा कुठून काढायचा ते सांग."

तिने टॉर्च खाली वाकवला. उजेड नेमक्या जागी पडला. "ती पिन दिसते? आधी ती ओढ."

मी ओढली. दांडा सुटून माझ्या छातीवर आला आणि वर, तिच्या सीटपुढे, क्लचचं पेडल धप्पकन खाली पडलं. "हं, निघाला," ती म्हणाली. मी तिथेच, तो दांडा छातीवर तसाच ठेवून, मोठ्याने रडलो. ती टॉर्च न विझवता माझं रडणं संपायची वाट पाहत बसून राहिली.