डाव्या सीटवरचं वजन

दाजींनी हैदराबादहून ती लाल गाडी आणली, तेव्हा मी तोंडावर सांगितलं होतं, "दाजी, ही लातुरात चालवायची म्हणजे नाहक डोक्याला ताप." दोन माणसांची स्पोर्ट्स कार. इंजिन सीटच्या मागं, आणि पोट जमिनीला इतकं जवळ की गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर ती तिरकी घालावी लागायची. पण ऐकतो कोण! दाजी, म्हणजे माझ्या अक्काचे मालक, फिजिक्स शिकवतात. भूकंपानंतर काही वर्षांनी लातुरात क्लासचं वारं सुटलं, गावोगावची पोरं खोल्या करून राहायला लागली, आणि दाजींची पत्र्याखालची शिकवणी तीन मजल्यांवर गेली. मग नांदेडलाही शाखा निघाली. असल्या गाडीची हौस त्यांना कॉलेजात असल्यापासूनची. म्हटलं, असू दे, फेडू दे हौस.

माझं दुकान नांदेड रोडला आहे. टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, म्हणजे गाडीची चारही चाकं सरळ रेषेत चालतात का ते बघायचं काम. गिऱ्हाईक येतं, म्हणतं "गाडी एका बाजूला ओढून राहिली." कुठं ओढते, कधी ओढते, ब्रेक मारल्यावर का नुसती चालताना, असं विचारलं की ते आपलं माझ्या तोंडाकडं बघत बसतं. अशा वेळी माझं टाळकं सटकतं.

अक्का पहिल्यांदा त्या गाडीत बसून नांदेडला निघाली आणि अहमदपूरच्या अलीकडंच म्हणाली, "अहो, थांबवा. ही हालून राहिली." दाजींनी थांबवली. पुढचं झाकण उघडून बघितलं, तिथं इंजिनच नाही हे घाईत विसरून. परत निघाले. लोह्याजवळ पुन्हा तेच. "अगं, रस्ता खराब आहे," दाजी म्हणाले. "तुझं आपलं काहीतरी." परतताना ती एसटीनं आली.

घरात याला जुनं नाव होतं, अक्काचं भूकंपाचं खूळ. त्या पहाटे ती औसा तालुक्यातल्या आमच्या गावी माहेरपणाला आलेली होती. अंगणात झोपली होती म्हणून वाचली. आई घरात होती, ती गेली. मी तेव्हा नांदेडला एका गॅरेजात काम शिकत होतो. पोचलो तेव्हा आपलं घर कुठलं हे लोकांना विचारावं लागलं. तेव्हापासून अक्का उशाशी तांब्या ठेवते आणि त्यावर फुलपात्र असं तिरकं टेकवते की जमीन जरा हलली तर ते पडून वाजावं. रस्त्यावरून ट्रक गेला तरी उठून बसते. एवढ्या वर्षांत सलग झोप तिला माहीत नाही.

दाजी भला माणूस. आवाज कधी चढवला नाही. पण या गाडीच्या प्रकारानंतर त्यांनी ठरवलं, हिला नांदेडला मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं. अक्का भडकली. माझ्या दुकानात, माझ्यासमोर, ती त्यांना म्हणाली, "मी येडी न्हाई. गाडी ह्याच्याकडं तपासा. काही न्हाई निघालं, तर मुकाट्यानं येते डॉक्टरकडं. निघालं, तर पुन्हा कुणी मला खूळ म्हणायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," दाजी म्हणाले.

नवराबायकोचं भांडण माझ्या मशीनवर आणून ठेवलं होतं दोघांनी.

दुसऱ्या दिवशी दाजी गाडी घेऊन आले. आमच्याकडची रीत अशी की गाडी दाखवायला न्यायची म्हणजे आधी धुवून पुसून, आतलं सगळं सामान काढून न्यायची. मेकॅनिकनं पसारा बघितला तर काय म्हणेल! आणि माझ्या दुकानाची रीत अशी की गाडी मशीनवर चढवायच्या आधी सगळ्यांना उतरवायचं, खुर्च्या द्यायच्या, चहा मागवायचा. आल्या माणसाला गाडीत ताटकळत ठेवणं शोभत नाही. दोघांना पंख्याखाली बसवलं आणि लागलो कामाला.

आधी हवा. चारही टायरांत कंपनीनं सांगितली तेवढीच. मग पुढचे टायर डावी-उजवीकडं बदलून एक चक्कर मारली. टायरचा दोष असला तर ओढ बाजू बदलते. ओढच नव्हती. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल म्हणून चाकं फिरवून बघितली, एकदम गोल. चाक वरखाली धरून हलवलं, बेअरिंग घट्ट. शेवटी मशीन. चारही चाकांना पट्टे लावले आणि स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. पुढचे हिरवे, मागचे हिरवे. इतकी सरळ गाडी माझ्या दुकानात क्वचितच येते.

दाजी चहा पीत राहिले. विजयाचा आव आणणारा माणूस नाही तो. अक्कानं स्क्रीनकडं बघितलं, कप खाली ठेवला आणि पदर सावरला.

"बरं," ती म्हणाली. "कधी जायचं डॉक्टरकडं?"

तिचा तो आवाज मला सहन झाला नाही. रडली असती, भांडली असती, तर चाललं असतं. ही तर हरल्यासारखी बोलत होती, आणि माझी अक्का हरणारी बाई नाही. मी पान्हा आपटला आणि दाजींवरच खेकसलो, "थांबा हो जरा! झालं न्हाई माझं अजून." मग तिच्यासमोर उकिडवा बसलो. "अक्का, नीट सांग. कुठं हालतंय?"

"मागनं," ती लगेच म्हणाली. "डाव्या अंगानं. हे ॲक्सिलेटरवरचा पाय उचलतात ना, तेव्हा मागची बाजू जराशी बाहेर सरकते. पाय दाबला की परत जागेवर येते. समोरून काही न्हाई."

एवढं स्वच्छ मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं सांगितलं नव्हतं. नुसत्या घाबरलेल्या बाईला पाय उचलणं अन् दाबणं यातला फरक कशाला कळेल?

मग डोक्यात उजेड पडला. दाजी एकटे चालवतात, डावी सीट रिकामी. मी चक्कर मारली, डावी सीट रिकामी. मशीनवर चढवली, तेव्हा तर दोन्ही रिकाम्या. त्या सीटवर वजन असतं ते फक्त अक्काचं, आणि तिलाच आम्ही चहा देऊन खुर्चीत बसवलं होतं.

"ऊठ. गाडीत बस."

"मशीनवर? अरे, लोक बघून राहिले."

"बघू दे. दाजी, तुम्ही पण बसा स्टेअरिंगवर."

स्टूल ठेवलं. अक्का पदर खोचून, मला शिव्या घालत, त्या बुटक्या गाडीत शिरली. गाडी किंचित खाली बसली. मी स्क्रीनकडं बघितलं. मागच्या डाव्या चाकाचा आकडा हिरव्यातून लाल झाला. चाकानं तोंड बाहेर वळवलं होतं, फेंगडं चालणाऱ्या माणसाच्या पायासारखं.

"उतर." हिरवा. "बस." लाल. "अरे, काय लावलंय?" अक्का आतून ओरडली. मी तिला अजून एकदा उठबस करायला लावली, कारण मला तो लाल आकडा परत बघायचा होता.

दोघांना तसंच बसवून मी खाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाला सरळ धरून ठेवणारा एक दांडा असतो, त्याच्या टोकाशी रबराचा बुश, म्हणजे दांडा घट्ट धरणारी जाड कडी. रिकाम्या गाडीत तो अखंड दिसला असता. आता वजन आल्यावर त्याची चीर उघडली होती, बोट जाईल एवढी. मी दाजींना खाली बोलावलं. क्लासच्या इस्त्रीच्या शर्टात ते माझ्या शेजारी आडवे झाले आणि मोबाइलच्या उजेडात त्या चिरेकडं बराच वेळ बघत राहिले.

बाहेर येऊन ते डाव्या दाराशी गेले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तू बरोबर सांगत होतीस."

अक्का उतरली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. मग माझ्याकडं वळली.

"आईला पण सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "त्या दिवसांत जमीन आतनं गुरगुरायची. म्हटलं, आई, माझ्यासंगं अंगणात झोप. तर म्हणाली, तुझं आपलं काहीतरी."

एवढ्या वर्षांत हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं, दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत. दाजी तिचा हात धरून तिथंच स्टुलावर बसले.

बुश पुण्याहून मागवला. बसवला, दोघांना आत बसवून अलाइनमेंट केलं, आणि ती दोघं नांदेडला गेली, शाखेच्या कामाला. दुपारी दाजींचा फोन आला. इतका हळू आवाज की मला वाटलं, काही वाईट झालं.

"लोह्याच्या पुढं आलोय. तुझी अक्का झोपलीय रे. चाकूरपासनं. उठवू का?"

"अजिबात न्हाई," मी म्हणालो. "नांदेड आलं तरी थांबू नका. ती आपणहून उठेपर्यंत चालवत राहा."