फाट्यावर आधी पोचलेली सायकल

तीन दिवसांची सायकल सफर होती. परभणीहून पाथरी, पाथरीहून देवगाव फाटा आणि जिंतूरमार्गे परत. आम्ही आठजण होतो आणि पुढे एका शाळेतले खेळाचे सर. त्यांचा नियम एकच: एक किलोमीटर जरी गाडीत बसलात, तरी पदक नाही.

मला पदकाचं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. माझा खरा प्रश्न पप्पा होते. निघताना माझ्या हेल्मेटचा पट्टा लावून देत ते म्हणाले, "पाथरीपर्यंत जाशील. तिथून फोन कर, मी गाडी घेऊन येतो." ही चेष्टा नव्हती, त्यांना खात्रीच होती. आदल्या दिवशी त्यांनी कार धुऊन, टाकी भरून ठेवली होती.

पाथरी आली. मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांच्या मागे पडले. मागे पडलं की कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. फाटा चौदा किलोमीटरवर असताना एका लिंबाखाली पाणी प्यायला थांबले. शेजारच्या शेतातून एक काका आले, त्यांच्यामागून मावशी.

"पंचर झाली का बाई?"

"नाही."

"चैन पडली?"

"नाही."

"मग घरी गाडी न्हाई का तुमच्या?"

"आहे. कार आहे, स्कूटी आहे."

काकांनी मावशींकडे पाहिलं. "मग सायकलवर कामून यायलाव?"

याचं उत्तर मला इंग्रजीत येत होतं. असल्या विषयावरच्या निबंधाला शाळेत चांगले गुणही मिळाले होते. मराठीत तोंडातून एवढंच निघालं, "असंच."

"असंच" ऐकून मावशींना माझी फारच दया आली. घरी भांडून निघालेय असं त्यांना वाटलं असावं. "आधी दोन घास खा माय," म्हणत त्यांनी हाताला धरून शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याजवळच्या त्यांच्या खोपीवर, नेलं. भाकरी, ठेचा आणि वर दही. मला कुणालाही नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या भाकरीलाही आलं नाही.

हात धुऊन रस्त्यावर आले, तर लिंबाखाली सायकल नव्हती.

"दिली लावून," काका समाधानाने म्हणाले. "वळखीचा पिकअप फाट्याला चालला होता. सरकीच्या पोत्यांवर आडवी ठेवली, सुतळीनं बांधली. आता तुमी माझ्या मोटारसायकलवर चला. लय दमलाव."

मी म्हणाले, "थँक्यू."

खरंच म्हणाले. मावशींनी पदराने सीट पुसली. मी एक पाय उचललासुद्धा. तेवढ्यात मला पप्पांची भरलेली टाकी आठवली आणि जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला जरा उशिराच कळलं.

"नाही! मी गाडीवर बसणार नाही. मला सायकलच पाहिजे."

गोठ्यातल्या म्हशीनेही मान वळवली.

"असं व्हय," काका म्हणाले. "मग आधीच सांगायचं की."

मावशींनी कडब्यामागून लेकीची शाळेची सायकल काढली. निळी, पुढे जाळी, आणि सीट इतकी खाली की माझे गुडघे हँडलला लागत होते. घंटी मात्र खणखणीत. ही निळी सायकल नंतर परतीच्या पिकअपमधून घरी आणायची म्हणून दोघंही मोटारसायकलवरून माझ्यामागे निघाले. भेटेल त्याच्याजवळ काका गाडी हळू करून सांगायचे, "ह्यांची सायकल पिकअपमधी गेली. ह्या आमच्या सायकलवर यायल्यात." ज्या मुलीला वर्गात हजेरी द्यायचीही लाज वाटायची, तिची अशी चौदा किलोमीटर मिरवणूक निघाली.

फाट्यावर माझ्या सायकलीभोवती घोळका होता. "मालकीण मागं राहिली," एवढंच सांगून पिकअपवाल्याने ती उतरवली होती. सरांनी घाबरून पप्पांना फोन लावला होता. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्यांना नियम आठवला.

"पण सायकल तर गाडीतून आली."

मी सवयीने खाली बघायला लागले. काका पुढे झाले. "पदक सायकलीला द्यायचंय का लेकराला?"

सरांनी आधी माझ्या सायकलकडे पाहिलं, मग निळ्या सायकलकडे.

"आमी मागंच होतो," मावशी म्हणाल्या. "एकदा पाय टेकला न्हाई तिनं. ज्या पोरीची सायकल हाय, ती बी एवढं चालवत न्हाई."

फोन अजून चालूच होता. मी तो घेतला. "पप्पा, येऊ नका."

पलीकडून पप्पा म्हणाले, "टाकी भरलीय."

"मग आईला कुठेतरी फिरवून आणा."

पदक आता बैठकीत लटकतं. पाहुणे आले की पप्पा ते हातात देतात आणि माझ्या सायकलचं मीटरही दाखवतात. "सफर पूर्ण केली, पण मीटरवर चौदा किलोमीटर कमी आहेत हं."

आणि मी, पाहुण्यांसमोर कधी बाहेरही न येणारी, स्वयंपाकघरातून ओरडते, "ते चौदा निळ्या सायकलवर आहेत!"